वॉर्डाचा कौल आणि स्विंगचा आकडा

ब्रिटनमध्ये बहुतेक दर गुरुवारी कुठे ना कुठे एखाद्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, वॉर्डात पोटनिवडणूक होत असते. कुणी नगरसेवक मरण पावलेला असतो, कुणी नोकरीसाठी गाव सोडलेले असते, कुणी पार्लमेंटवर निवडून गेल्यामुळे राजीनामा दिलेला असतो, तर कुणी सलग सहा महिने एकाही बैठकीकडे न फिरकल्यामुळे कायद्यानेच त्याचे पद गेलेले असते. मध्यरात्रीच्या आसपास निकाल लागतो आणि शुक्रवारी सकाळपासून त्यावर वाद झडू लागतो. एक गट म्हणतो, सत्ताधारी मजूर पक्षाकडून उजव्या विचारांच्या रिफॉर्म पक्षाकडे तीस टक्के स्विंग, म्हणजे मतांचा झोका, तेव्हा सरकारचे दिवस भरले. दुसरा गट म्हणतो, शंभरातले पंचवीस लोक मतदानाला आले, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर आणि कचरापेट्यांवर मत देऊन गेले, त्यातून देशाचे काय कळणार? २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, विशेषतः रिफॉर्म पक्ष वॉर्डामागून वॉर्ड जिंकू लागल्यापासून, हा वाद अधिक कर्कश झाला आहे आणि त्याच प्रमाणात अधिक उथळही.

माझ्या मते दोन्ही गट चुकतात आणि एकाच ठिकाणी चुकतात. पोटनिवडणूक म्हणजे देशाच्या मताचा नमुना, असे दोघेही धरून चालतात. एकाला तो पुरेसा वाटतो, दुसऱ्याला अपुरा, एवढाच काय तो फरक. माझे म्हणणे असे आहे की हे निकाल बारकाईने पाहिलेच पाहिजेत. मात्र त्यांतून काढला जाणारा स्विंगचा एकुलता एक आकडा आजच्या राजकारणात जवळजवळ निरुपयोगी झाला आहे. पाहायचे ते प्रत्यक्ष पडलेल्या मतांची संख्या, दोन्ही वेळच्या उमेदवारांची यादी, मतदानाचे प्रमाण आणि त्या वॉर्डात नेमके काय घडत होते ते. हे चार तपशील एकत्र ठेवले तर लहानशा वॉर्डाचा निकाल बरेच काही सांगतो. ते बाजूला सारून फक्त स्विंग हातात घेतला, तर तो अनेकदा घडले त्याच्या नेमके उलट सांगतो.

स्विंगची कल्पना मुळात चुकीची नव्हती, हे आधी मान्य करायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्सफर्डच्या डेव्हिड बटलर यांनी ती प्रचलित केली, तेव्हा ती त्या काळाला चपखल बसत होती. एका पक्षाच्या मतटक्क्यात झालेली वाढ आणि दुसऱ्याच्या मतटक्क्यात झालेली घट यांची सरासरी म्हणजे स्विंग. १९५१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत हुजूर आणि मजूर या दोन पक्षांना मिळून ९६.८ टक्के मते पडली होती. ज्या देशात शंभरातले सत्त्याण्णव मतदार दोनच पक्षांत वाटले गेले आहेत, तिथे एकाचे गेलेले मत दुसऱ्याकडेच जाणार, हे गृहीतक वाजवी होते. त्यातच अमुक एका भागात लोकांनी जितकी पाठ फिरवली तितकीच ती दुसऱ्या भागातही फिरवलेली दिसे, त्यामुळे दोन-चार मतदारसंघांचे निकाल आले की देशाचा कौल वर्तवता येई. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर स्विंग दाखवत इकडून तिकडे सरकणारा तो काटा लोकांच्या मनात घर करून बसला, तो उगाच नव्हे.

आता २०२४ पाहा. मजूर पक्षाला ३३.७ टक्के, हुजूर पक्षाला २३.७ टक्के, दोघांची बेरीज ५७.४. उरलेल्या मतांत रिफॉर्म, लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन, स्कॉटलंड आणि वेल्समधले राष्ट्रवादी पक्ष व अपक्ष. ज्या गृहीतकावर स्विंगची इमारत उभी होती ते गृहीतक गेले, इमारत मात्र आपण अजून वापरतो आहोत. ती कशी फसवते हे एका कल्पित वॉर्डाच्या साध्या हिशेबाने दाखवता येईल. मागच्या निवडणुकीत तिथे दोन हजार मते पडली, असे समजू: मजूर १,२००, हुजूर ६००, लिबरल डेमोक्रॅट २००, आणि रिफॉर्मचा उमेदवारच नाही. पोटनिवडणुकीत एक हजारच मते पडतात: रिफॉर्म ४००, मजूर ३५०, हुजूर २००, लिबरल डेमोक्रॅट ५०. शुक्रवारी सकाळी मथळा येईल: मजूर पक्षाकडून रिफॉर्मकडे ३२.५ टक्के स्विंग. गणित बरोबरच आहे. मजूर पक्ष साठ टक्क्यांवरून पस्तीसवर आला, रिफॉर्म शून्यावरून चाळीसवर गेला, बेरजेचे निम्मे साडेबत्तीस. पण हुजूर पक्षाची ४०० मते कमी झाली आणि रिफॉर्मला बरोबर ४०० मिळाली. मजूर पक्षाचे ८५० मतदार घराबाहेरच पडले नाहीत, असेही घडलेले असू शकते. म्हणजे मजूर पक्षाकडून रिफॉर्मकडे एकही मतदार न जाता साडेबत्तीस टक्क्यांचा स्विंग निघतो. याच आकड्यांतून मजूर आणि हुजूर यांच्यातला स्विंग काढला, तर तो हुजूर पक्षाच्या बाजूने साडेसात टक्के भरतो. ज्या पक्षाने आपली दोन-तृतीयांश मते गमावली त्याच्याकडे वारे वळल्याचे हा आकडा सांगतो. अशा आकड्यावर संपादकीये लिहिली जावीत का?

मत न देणे हेही मतच आहे, असा यावर एक प्रतिवाद आहे आणि तो दुबळा नाही. आपल्या पक्षावर रुसून घरी बसलेला मतदार आणि विरोधकाला मत देऊन आलेला मतदार, दोघांमुळेही पक्ष हरतोच ना? हरतो. पण दोन रोगांवरची औषधे वेगळी असतात. रुसलेला मतदार परत आणायचा असेल तर पक्षाला आपले वचन पाळावे लागते. पलीकडे गेलेला आणायचा असेल तर कदाचित धोरण बदलावे लागते. साडेबत्तीस टक्क्यांचा स्विंग पाहून घाबरलेला पक्ष पलीकडे गेलेल्यांची मनधरणी करू लागतो आणि घरी बसलेले आणखीच दुरावतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये वेल्सच्या सेनेडची, म्हणजे तिथल्या विधिमंडळाची, केअरफिली इथली पोटनिवडणूक झाली. ती कौन्सिलची नव्हती, पण तिचा धडा इथे लागू पडतो. मजूर पक्षाकडून रिफॉर्मकडे किती स्विंग, एवढेच पाहणाऱ्याला तिथे काय घडले ते कळलेच नसते. प्रत्यक्षात प्लाइड कम्री या वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षाने ४७ टक्के मते घेऊन जागा जिंकली, रिफॉर्म ३६ टक्क्यांवर राहिला आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या बालेकिल्ल्यात मजूर पक्षाला ११ टक्के मते पडली. जवळजवळ निम्मे मतदार मतदानाला आले होते, जे तिथल्या पोटनिवडणुकीच्या मानाने खूपच होते. तीन पक्षांची ती गोष्ट एका काट्याने कशी सांगणार?

तुलना कशाशी करतो, यावरही सारे अवलंबून असते आणि बातमीत ते क्वचितच सांगितले जाते. इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी एकाच गल्लीतले मतदार दोन कौन्सिलांसाठी मत देतात: काउंटी या मोठ्या क्षेत्रासाठी एकदा आणि तिच्यातल्या डिस्ट्रिक्ट या लहान क्षेत्रासाठी एकदा, आणि तेही बरेचदा वेगवेगळ्या वर्षी. बीबीसीच्या अंदाजानुसार २०२१ च्या स्थानिक निवडणुकांत, म्हणजे करोनाच्या लसीकरणाच्या लाटेवर, देशभरच्या मतांचा हिशेब हुजूर ३६ आणि मजूर २९ टक्के असा होता. २०२३ मध्ये तोच मजूर ३५ आणि हुजूर २६ असा झाला. आता २०२५ च्या सुरुवातीला त्या गल्लीत काउंटीची पोटनिवडणूक झाली असती तर तिची तुलना २०२१ शी झाली असती, डिस्ट्रिक्टची झाली असती तर २०२३ शी. तेच मतदार, तीच मते, पण एका बातमीत हुजूर पक्ष रसातळाला गेलेला आणि दुसऱ्या बातमीत थोडासा घसरलेला. आकड्याखाली मागच्या निवडणुकीचे साल नसेल, तर त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण भात एकाच भांड्यात सारखा शिजलेला असेल तरच. पोटनिवडणुकीचे वॉर्ड कुणी चिठ्ठ्या टाकून निवडत नाही. जिथे जागा रिकामी होते तिथे ती होते आणि जागा रिकामी होण्यामागे स्वतःचे राजकारण असते. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाचे चारशेहून अधिक खासदार निवडून आले. त्यांतले कितीतरी जण आदल्या दिवसापर्यंत नगरसेवक होते, त्यांनी पुढल्या महिन्यांत ती पदे सोडली. साहजिकच त्या वर्षाच्या उत्तरार्धातल्या पोटनिवडणुका मोठ्या प्रमाणात मजूर पक्षाच्याच वॉर्डांत झाल्या. ज्याच्याकडे राखायच्या जागा जास्त, त्याच्याकडे गमावण्यासारखेही जास्त. तिथे ‘मजूर पक्षाने इतक्या जागा गमावल्या’ ही मोजदाद खरी असूनही दिशाभूल करणारी होती, कारण इतर पक्षांना गमावण्याची संधीच फारशी मिळाली नव्हती. स्कॉटलंडमध्ये तर याहून विचित्र प्रकार घडतो. २००७ पासून तिथे एकेका वॉर्डातून तीन-चार नगरसेवक पसंतिक्रमाच्या पद्धतीने निवडले जातात, त्यामुळे वॉर्डात तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या पक्षालाही जागा मिळते. त्या तिसऱ्या पक्षाच्या नगरसेवकाने राजीनामा दिला की पोटनिवडणूक एकाच जागेसाठी होते आणि ती बहुधा वॉर्डातला सर्वांत मोठा पक्ष जिंकतो. एकाही मतदाराने मन बदललेले नसते, तरी ‘जागा हिसकावली’ अशी बातमी होते. उत्तर आयर्लंडमध्ये रिकामी जागा सहसा त्याच पक्षाच्या माणसाने भरली जाते, तिथे निवडणुकीचा प्रश्नच येत नाही.

हे सारे वाचून दुसऱ्या गटाला वाटेल की मी त्यांचीच बाजू मांडतो आहे. तसे नाही. पोटनिवडणुकांमधून काहीच कळत नाही, हे म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. १४ मार्च १९६२ रोजी लंडनच्या कडेला असलेल्या ऑर्पिंग्टनमध्ये लिबरल पक्षाच्या एरिक लबक यांनी हुजूर पक्षाचा बालेकिल्ला जिंकला, तेव्हा सारा देश चकित झाला. पण तिथल्या कौन्सिलचे निकाल वाचणाऱ्याला चकित होण्याचे कारण नव्हते. लिबरलांनी आधीच्या काही वर्षांत त्या भागात कौन्सिलच्या जागा जिंकत पाय रोवले होते. २०२४ च्या शरदात ब्लॅकपूलसारख्या ठिकाणी रिफॉर्मने कौन्सिलच्या पोटनिवडणुका जिंकायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांनी खांदे उडवले. १ मे २०२५ रोजी त्याच पक्षाने ६७७ जागा आणि दहा कौन्सिलांची सत्ता मिळवली आणि त्याच दिवशी रंकॉर्न व हेल्सबीची पार्लमेंटची जागा अवघ्या सहा मतांनी जिंकली. प्लायमथ विद्यापीठाच्या कॉलिन रॅलिंग्ज आणि मायकेल थ्रॅशर यांनी तर वर्षानुवर्षे कौन्सिलच्या पोटनिवडणुकांवरून देशाच्या मतांचा अंदाज बांधण्याची पद्धत विकसित केली. त्यांचे काम मी या वादातला सर्वांत भक्कम पुरावा मानतो. पण त्यांची रीत पाहा. ते एका गुरुवारच्या एका वॉर्डावर बोलत नाहीत. पक्षांची मांडणी दोन्ही वेळा सारखी होती असे वॉर्ड वेचून, अनेक महिन्यांचे निकाल एकत्र करून, मागच्या निवडणुकीच्या वर्षाचा हिशेब धरून ते अंदाज करतात. शुक्रवार सकाळचे पंडित यातली एकही काळजी घेत नाहीत आणि विश्वासार्हता मात्र त्या अभ्यासाची उसनी घेतात.

या साऱ्यात मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते १९९३ चे. पूर्व लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलच्या मिलवॉल वॉर्डात, म्हणजे आइल ऑफ डॉग्ज या थेम्सच्या वळणात वसलेल्या भागात, १६ सप्टेंबरला पोटनिवडणूक झाली. उघड वंशवादी असलेल्या ब्रिटिश नॅशनल पार्टीच्या डेरेक बीकन यांना १,४८० मते पडली, मजूर पक्षाला १,४७३. सात मतांनी त्या पक्षाचा पहिला नगरसेवक निवडून आला. देश हादरला. एका बाजूने ब्रिटनमध्ये फॅसिझमची लाट आल्याचे जाहीर झाले, दुसऱ्या बाजूने हा एका वॉर्डातला अपघात ठरवला गेला. खरे काय होते? त्या भागात गोदी बंद पडून कामे गेली होती, शेजारी कॅनरी वॉर्फ या व्यापारी वसाहतीचे मनोरे उभे राहिले होते, नदीकाठी श्रीमंतांची घरे होत होती आणि कौन्सिलच्या घरांसाठीची यादी लांबत चालली होती. ती घरे बांगलादेशी कुटुंबांनाच मिळतात, ही कुजबूज तिथे खतपाणी घालून वाढवली गेली होती. त्याच वॉर्डातल्या आदल्या वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्या पक्षाने एक-पंचमांशाच्या आसपास मते घेतली होती. म्हणजे धोक्याची घंटा वाजून गेली होती, ती कुणी ऐकली नव्हती. आणि १९९३ मध्ये मते तीन पक्षांत जवळपास सारखी विभागली गेली, लिबरल डेमोक्रॅटही फार मागे नव्हते, म्हणून तिसऱ्या हिश्शाएवढी मते जिंकायला पुरली.

पुढे काय झाले ते तर आणखी महत्त्वाचे. मे १९९४ मध्ये कौन्सिलची नियमित निवडणूक आली. मधल्या महिन्यांत तिथल्या चर्चच्या मंडळींनी, कामगार संघटनांनी आणि बांगलादेशी रहिवाशांनी दारोदार जाऊन मतदार नोंदवले व मतदानाला बाहेर काढले. बीकन यांची मते कमी झाली नाहीत. उलट पाचशेहून अधिक वाढली. तरीही ते हरले, कारण मतदान कितीतरी वाढले आणि वॉर्डातल्या तिन्ही जागा मजूर पक्षाने जिंकल्या. केवळ टक्केवारी पाहणारा म्हणेल, वंशवादी पक्षाची लाट ओसरली. मते पाहणारा म्हणेल, त्या पक्षाला मत देणारे लोक जिथल्या तिथे आहेत, किंबहुना वाढले आहेत; फक्त बाकीचे जागे झाले आहेत. कुठले वाचन खरे होते, ते दहा वर्षांनी कळले. पूर्व लंडनमधल्याच बार्किंग आणि डॅगनममध्ये २००४ साली याच पक्षाने कौन्सिलची एक पोटनिवडणूक जिंकली, आणि २००६ मध्ये थेट बारा जागा. २०१० मध्ये त्या बाराच्या बारा गेल्या, त्याही पुन्हा घरोघरी जाऊन, घरांच्या प्रश्नावर लोकांशी बोलून आणि मतदान वाढवूनच. ज्यांनी मिलवॉलची मते वाचली होती त्यांना काय करायचे ते ठाऊक होते.

आपल्याकडेही हेच घडते आणि आपणही असेच चुकतो. मार्च २०२३ मध्ये पुण्याच्या कसबा पेठेची विधानसभा पोटनिवडणूक काँग्रेसच्या रवींद्र धंगेकर यांनी जिंकली. १९९५ पासून भाजपकडे असलेला मतदारसंघ गेला, तेव्हा राज्यातले वारे फिरल्याची ग्वाही वृत्तवाहिन्यांनी दिली. वर्षभराने लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यात ४८ पैकी ३० जागा जिंकल्या, म्हणजे भाकीत खरे ठरल्यासारखे वाटले. पण त्याच निवडणुकीत पुण्यातून उभे राहिलेले धंगेकर लाखाहून अधिक मतांनी हरले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कसबाही भाजपच्या हेमंत रासने यांच्याकडे परत गेला. कसब्याच्या निकालात वाचण्यासारखे पुष्कळ होते. २०१९ मध्ये भाजपसोबत असलेल्या शिवसेनेतला ठाकरे गट आता काँग्रेससोबत होता, टिळक कुटुंबाला डावलून दिलेल्या उमेदवारीची नाराजी होती, आणि उमेदवार गल्लीबोळांत ओळखीचा होता. या तीन गोष्टी मुंबईत किंवा नांदेडमध्ये तशाच्या तशा असण्याचे काही कारण नव्हते. त्याआधी मार्च २०१८ मध्ये गोरखपूरची लोकसभा पोटनिवडणूक भाजपने गमावली, तेव्हाही २०१९ चे भविष्य ठरल्याचे बोलले गेले. भाजपने मात्र त्या निकालात निषाद समाजाची मते कुठे गेली ते पाहिले, २०१९ च्या आधी निषाद पक्षाला सोबत घेतले, तेव्हा जिंकलेल्या प्रवीण निषाद यांनाच आपल्या चिन्हावर दुसरीकडून उभे केले आणि गोरखपूर तीन लाखांच्या मताधिक्याने परत घेतले. टीव्हीवरचे पंडित टक्केवारीत रमले असताना हरलेल्या पक्षाने मते मोजली. तो पक्ष आपल्याला आवडो वा न आवडो, निकाल वाचावा कसा ते त्याने दाखवले.

ब्रिटनमधले पक्षही आतून असेच वाचतात, हे मतमोजणीच्या सभागृहात गेल्यावर लक्षात येते. पेट्या उघडल्या की आधी पडताळणी होते: प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिका उताण्या ठेवून नुसत्या मोजल्या जातात. टेबलाच्या अलीकडे पक्षांचे लोक कोटाला पक्षाच्या रंगाची फीत लावून, हातात पाटी आणि पेन्सिल घेऊन उभे असतात. मोजणाऱ्याच्या बोटांखालून सरकणाऱ्या प्रत्येक मतपत्रिकेवरची फुली ते टिपतात, पाच-पाच रेघांचे गट पाडतात, आणि पेटी रिकामी होईपर्यंत अमुक शाळेतल्या केंद्रावर आपल्याला किती आणि तमुक सभागृहातल्या केंद्रावर किती, याचा त्यांना बऱ्यापैकी अंदाज आलेला असतो. टपालाने आलेली मते कुणाकडे झुकली तेही त्यांना कळते, आणि कमी मतदानाच्या पोटनिवडणुकीत ती मते फार मोलाची असतात. ही माहिती पक्षाच्या कचेरीत जाते. जनतेला मिळते ती वॉर्डाची एकूण बेरीज, आणि त्यावर बसवलेला स्विंग. पुढल्या निवडणुकीत दारातून आत सरकवलेल्या पत्रकावर त्याच स्विंगचे उंच-बुटके खांब छापून येतात आणि ‘इथे लढत फक्त दोघांतच’ असे बजावले जाते. म्हणजे जो आकडा विश्लेषण म्हणून निरुपयोगी आहे तो प्रचाराचे हत्यार म्हणून मात्र उत्तम चालतो, आणि बातमीदार नकळत ते हत्यार परजून देतात.

खड्डे आणि कचरापेट्या यांवर मत दिले म्हणून ते मत हलके, या म्हणण्याचा तर मला राग येतो. इंग्लंडमधल्या मोठ्या कौन्सिलांच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग वृद्धांची, अपंगांची आणि निराधार मुलांची काळजी घेण्यावर जातो. क्रॉयडन, थरक, वोकिंग, बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम या कौन्सिलांनी २०२० नंतरच्या काळात आपले जमाखर्च जुळत नसल्याची कायदेशीर सूचना काढली. म्हणजे सामान्य भाषेत दिवाळे वाजले. वाचनालये बंद झाली, कर वाढला, बर्मिंगहॅममध्ये २०२५ साली कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपात रस्त्यांवर ढीग साचले. अनेक कौन्सिलांत आज कुणालाही स्पष्ट बहुमत नाही, एका जागेने सत्ता बदलते. अशा ठिकाणी एखाद्या आजीच्या घरी दिवसातून दोनदा येणारी मदतनीस चालू राहणार की बंद होणार, हे ठरवणाऱ्या माणसाची निवड लोक करत असतात. त्या मताला पंतप्रधानांच्या लोकप्रियतेचा तापमापक एवढीच किंमत देणे हा त्या मतदाराचा अपमान आहे. दुसऱ्या बाजूने हेही खरे, की लोक कधी कधी कौन्सिलच्या मतपत्रिकेवर देशाच्या सरकारवरचाच राग काढतात. ऑक्टोबर १९९० मध्ये ईस्टबर्नची पार्लमेंटची पोटनिवडणूक हुजूर पक्षाने गमावली, दीड महिन्याच्या आत पंतप्रधान थॅचर यांना पायउतार व्हावे लागले, आणि १९९२ मध्ये नव्या नेत्यासह त्या पक्षाने ईस्टबर्नही परत घेतले आणि देशही. पोटनिवडणुकीने भविष्य सांगितले नाही, बदलले. म्हणूनच ती गांभीर्याने घ्यायची. फक्त तिच्याकडून ज्योतिषाची अपेक्षा ठेवायची नाही.

माझी मागणी त्यामुळे साधी आहे. निकालाची बातमी देणाऱ्याने दोन्ही निवडणुकांतली प्रत्यक्ष मते शेजारी शेजारी छापावीत, मागच्या निवडणुकीचे साल द्यावे, कोण उमेदवार तेव्हा नव्हता किंवा आता नाही ते सांगावे, मतदान किती झाले ते लिहावे, जागा का रिकामी झाली ते एका वाक्यात सांगावे. यात कुठलेही संशोधन लागत नाही. बहुतेक माहिती कौन्सिलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते. स्विंग छापायचाच असेल तर तो शेवटी छापावा, आणि ज्या दोन पक्षांमधला काढला ते दोघे दोन्ही वेळा रिंगणात होते तेव्हाच.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींशी याचा थेट संबंध आहे. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे इथे कायदेशीर वास्तव्य असलेला भारतीय नागरिक, पासपोर्ट न बदलताही, कौन्सिलच्या आणि पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. हे ठाऊक नसलेली, किंवा ठाऊक असूनही ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून नाव न नोंदवलेली कितीतरी घरे आपल्यात आहेत, आणि तीच मंडळी शुक्रवारी स्विंगची बातमी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवत असतात. हॅरो, हाउन्स्लो किंवा स्लाउ इथल्या एखाद्या वॉर्डात पोटनिवडणुकीला दीड-दोन हजार मते पडत असतील, तर पन्नास मराठी घरे निकाल फिरवू शकतात. मिलवॉलचा निकाल सात मतांचा होता. नगरसेवकाची जागा रिकामी झाल्याची सूचना कौन्सिल प्रसिद्ध करते. वॉर्डाच्या कौन्सिल क्षेत्रातल्या कोणत्याही दोन मतदारांनी लेखी मागणी केली, आणि कौन्सिलची नियमित निवडणूक सहा महिन्यांच्या आत येऊन ठेपलेली नसली, की पस्तीस कामकाजाच्या दिवसांत निवडणूक घ्यावी लागते. मतदार म्हणून नाव नोंदवण्याची मुदत मतदानाच्या बारा कामकाजाचे दिवस आधी संपते. इंग्लंडमध्ये मे २०२३ पासून केंद्रावर छायाचित्राचे ओळखपत्र दाखवावे लागते, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो.